गस्त आणि गस्तीची वही

८ मे २०२५ ची रात्र. चंदीगड, मोहाली आणि पंचकुला या तिन्ही जोडशहरांत प्रशासनाने संपूर्ण ब्लॅकआउट जाहीर केला होता. आदल्या दिवशी पहाटे ‘ऑपरेशन सिंदूर’ झाले होते, विमानतळ बंद होता, आणि आम्ही राहतो ती एयरोसिटी ही वसाहत त्या विमानतळाच्या अगदी शेजारची. रस्त्यावरचे दिवे गेले. घरांतले दिवे लोकांनी स्वतःहून मालवले. पण आमच्या गल्लीच्या टोकाला एका बंद बंगल्याच्या फाटकावरचे दोन दिवे मात्र लखलखत राहिले. अंधार पडला की आपोआप लागणारे आणि इन्व्हर्टरवर चालणारे असे ते दिवे होते. मालक परदेशात, किल्ली कोणाकडे ते ठाऊक नाही, शेजाऱ्यांकडे फोन नंबर नाही. आम्ही पाचसहा जण फाटकासमोर नुसते उभे होतो. शेवटी एका तरुणाने भिंतीवर चढून दिव्यांना पोती गुंडाळली.

तेवढ्यात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, “फौजी होता, तो उसको पता होता, चाबी किसके पास है.”

त्यावर कोणीच काही बोलले नाही. फौजी वर्षभरापूर्वी नोकरी सोडून गेले होते. ते का गेले हे इतरांना अर्धवट माहीत होते, मला पूर्ण माहीत होते. हा लेख त्याविषयी आहे, आणि त्या निमित्ताने गस्त या विषयावर मी जे वाचले व विचार केला त्याविषयीही.

वाचकांपैकी ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. विमानतळ चंदीगडच्या नावाचा असला तरी त्याचे सध्याचे टर्मिनल पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात आहे. धावपट्टी भारतीय वायुदलाची. टर्मिनल चालवणाऱ्या कंपनीत भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाचा वाटा ५१ टक्के, तर पंजाब आणि हरियाणा यांच्या विकास प्राधिकरणांचा प्रत्येकी २४.५ टक्के. टर्मिनलची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, वायुदलाच्या तळाची वायुदलाकडे, बाहेरच्या रस्त्यांची पंजाब पोलिसांकडे आणि वसाहतीतल्या गल्ल्यांची आमच्या खासगी चौकीदारांकडे. म्हणजे तासाभरात पायी फिरून येण्याजोग्या परिसरात रात्री चार निरनिराळ्या गस्ती चालू असतात. प्रत्येकीचा गणवेश वेगळा, मालक वेगळा आणि नोंदवहीही वेगळी.

२०२२ मध्ये माझी बदली चंदीगडला झाली आणि आम्ही एयरोसिटीत घर भाड्याने घेतले. माझी नोकरी केंद्र सरकारच्या हिशेब-तपासणीच्या कामातली. तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या वह्या तपासत आलो आहे. रहिवाशांच्या समितीने साहजिकच “आप तो सरकारी आदमी हैं” असे म्हणून सुरक्षेचे काम माझ्या गळ्यात घातले, आणि खरे सांगायचे तर मला ते आवडलेही.

रात्रीच्या पहाऱ्याला जे गृहस्थ होते त्यांना सारी वसाहत ‘फौजी’ म्हणे. सैन्यातून निवृत्त झालेले, कांगड्याकडचे, साठीला आलेले, मितभाषी. हातात काठी, गळ्यात शिट्टी. ते फिरत असत, पण त्यांच्या फिरण्याला काही हिशेब नव्हता. कधी लागोपाठ दोन फेऱ्या घालत, तर कधी अर्धा तास बांधकाम-मजुरांच्या झोपड्यांजवळच्या चहाच्या टपरीवर बसून राहत. मी दोनदा त्यांना तिथे पाहिले. माझ्या तपासनिसाच्या मनाने लगेच शेरा मारला : कामाच्या वेळेत बसून असतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मी समितीकडून एक यंत्र मंजूर करून घेतले. चौकीदाराच्या हातात विजेरीएवढे यंत्र, आणि भिंतींवर ठिकठिकाणी नाण्याएवढ्या खुणा. यंत्र खुणेला टेकवले की वेळ आपोआप नोंदली जाते. आम्ही १४ खुणा बसवल्या. रात्री अकरा ते पहाटे पाच दर तासाला एक फेरी, म्हणजे रात्रीच्या एकूण ८४ नोंदी. नियम मीच लिहिला : दहापेक्षा जास्त नोंदी चुकल्या तर एक दिवसाचा पगार कापावा, वीसपेक्षा जास्त चुकल्या तर दोन दिवसांचा. नोंद चुकल्याचे कारण लिहिण्यासाठी एक छापील नमुनाही केला. त्यात तीन पर्याय होते : आजारपण, रजा, यंत्रातील बिघाड.

जानेवारी २०२४ मध्ये, दाट धुक्याच्या एका रात्री, २८ नोंदी कोऱ्या निघाल्या. म्हणजे पूर्ण दोन फेऱ्या. कारणाच्या नमुन्यात काही लिहिलेले नव्हते. मी लाल शाईने ‘कर्तव्यात कसूर’ असा शेरा मारला आणि दोन दिवसांचा पगार कापला. फौजी आले, शेरा वाचला, “ठीक है, साहबजी” एवढेच म्हणाले आणि गेले.

मार्चमध्ये एका संध्याकाळी माझी पत्नी आमच्या मागच्या गल्लीतल्या एका वृद्ध बाईंकडे बसायला गेली होती. बाई एकट्या राहतात, मुलगा कॅनडात. बोलता बोलता त्यांनी सांगितले की जानेवारीत मध्यरात्री त्या स्वयंपाकघरात पडल्या होत्या. त्यांच्या घरातला दिवा रोज दहाला मालवतो हे फौजींना माहीत होते. दोन वाजता तो जळताना दिसला तेव्हा त्यांनी हाका मारल्या, उत्तर आले नाही म्हणून भिंत ओलांडली, शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरांना उठवले, रुग्णवाहिका येईपर्यंत बाईंजवळ बसले, आणि त्या गेल्यावर शेजारी जागे होऊन कुलूप आणेपर्यंत उघड्या दारापाशी उभे राहिले. पत्नीने घरी येऊन तारीख सांगितली. मी वही काढली. तीच रात्र होती.

दुसऱ्या दिवशी मी फौजींना विचारले, “तुम्ही हे तेव्हाच का सांगितले नाही?” ते म्हणाले, “आपने पूछा नहीं था, साहबजी. फॉर्म में तीन ही कारण थे. तीनों में से कोई नहीं था.”

हे उत्तर मी विसरू शकलेलो नाही. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. सैन्यात वाढलेल्या माणसाने नमुना जसा छापला तसा पाळला होता, इतकेच. चूक नमुना छापणाऱ्याची होती.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. गस्त घालणाऱ्या निरनिराळ्या दलांतल्या परिचितांशी बोललो. हळूहळू माझ्या लक्षात आले की ‘गस्त’ या एकाच शब्दाखाली आपण तीन वेगवेगळी कामे घालतो. पहिले काम हक्क सांगण्याचे, दुसरे धाक ठेवण्याचे, तिसरे माहिती ठेवण्याचे. तिन्हींना लागणारी चाल वेगळी, म्हणून तिन्हींच्या हिशेबाची रीतही वेगळी असायला हवी.

पहिला प्रकार पूर्व लडाखमध्ये दिसतो. तिथे काराकोरम खिंडीपासून चुमारपर्यंत ६५ गस्तबिंदू ठरलेले आहेत. प्रत्यक्ष नियंत्रण रेषा जमिनीवर कुठे आखलेली नाही. म्हणून आपली तुकडी त्या बिंदूपर्यंत जाऊन आली, म्हणजे ‘ही जमीन आमची’ हे वाक्य पुन्हा एकदा उच्चारले गेले असे समजायचे. २०२० नंतर देपसांग आणि देमचोक येथील गस्त थांबली, ती पुन्हा सुरू करण्याबाबतचा समझोता ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाला. दोन सरकारांना इतकी वर्षे वाटाघाटी कराव्या लागल्या त्या काही मैलांच्या चालण्यासाठी! अशा गस्तीत बिंदूला पोचणे हेच काम आहे. ती समोरच्याला दिसली तर बिघडत नाही, उलट दिसावी हाच हेतू असतो. नोंद नियमित असावी, कारण उद्या तीच पुरावा ठरते. माझ्या यंत्राची रीत या प्रकाराला तंतोतंत लागू पडते.

दुसरा प्रकार धाकाचा, आणि इथे नेमके उलटे आहे. लहानपणी आपण सारे एक खेळ खेळलो आहोत. मुठीत चिंचोका लपवायचा आणि समोरच्याने कोणत्या हातात आहे ते ओळखायचे. सदा डाव्या हातात ठेवणारा हरतो. एकदा डाव्या, एकदा उजव्या असे पाळीने ठेवणाराही लवकरच हरतो. ज्याच्या मनाचा ठाव लागत नाही तोच टिकतो. अर्थशास्त्रात एम.ए. करताना हाच चिंचोका आम्ही गेम थिअरीच्या नावाने समीकरणांत शिकलो. हाइन्‍रिख फॉन स्टाकेलबर्ग या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये अशा बाजाराचा विचार मांडला होता की जिथे एक जण आधी चाल करतो आणि दुसरा ती पाहून मग आपली चाल ठरवतो. गस्तीचे गणित असेच आहे. पहारेकरी आधी फिरतो. चोर किंवा घातपाती पाहत बसतो आणि मग वेळ निवडतो.

आपल्याला माहीत असलेली किंमत समोरच्यालाही माहीत झाली की काय होते, याचे दुःखद उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १ मे २०१९ रोजी गडचिरोली जिल्ह्यात कुरखेडा तालुक्यात नक्षलवाद्यांनी आधी रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली. घटनास्थळी पोलीस येणार हे त्यांना उघडच ठाऊक होते. जांभुळखेड्याजवळ पेरलेल्या सुरुंगाने शीघ्र प्रतिसाद पथकाचे १५ जवान आणि वाहनाचा चालक यांचा बळी घेतला. पायी रस्ता तपासल्याशिवाय वाहन न्यायचे नाही, गेल्या वाटेने परतायचे नाही, हे जंगलातल्या गस्तीचे जुने धडे. ते कंटाळवाणे वाटतात, वेळखाऊ असतात. पण त्यांचा अर्थ एकच : तुम्ही कुठून येणार हे दुसऱ्याला आधी कळता कामा नये.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट इथे दिसते. ठरलेले वेळापत्रक ही विकता येण्याजोगी वस्तू असते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचा शस्त्रसाठा रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी येथे उतरवला गेला. या खटल्यात पुढे सीमाशुल्क आणि पोलीस या दोन्ही खात्यांतील काही जण दोषी ठरले. किनाऱ्यावर पहारा नव्हता असे नव्हे. पहारा होता, पण तो कधी कुठे असेल हे ठरवणे आणि सांगणे काही माणसांच्या हाती होते. जी गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते तिला बाजारभाव येतो. जी कोणालाच आधी ठाऊक नसते ती विकणार कोण?

याच तत्त्वावर २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर एक संगणक-प्रणाली सुरू झाली. ती विकसित करणारे प्रा. मिलिंद तांबे तेव्हा सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात होते, आता हार्वर्डमध्ये आहेत. प्रत्येक जागेचे महत्त्व किती, तिथे हल्ला झाला तर हानी किती, हे आकडे प्रणालीला द्यायचे. मग ती तपासणी-नाके आणि श्वानपथके केव्हा कुठे असावीत याची रोज नवी सोडत काढते. सोडत आंधळी नसते. महत्त्वाच्या जागेची चिठ्ठी पेटीत जास्त वेळा टाकलेली असते. पण आजचा निकाल काय लागेल हे प्रमुखालाही आधी सांगता येत नाही. पुढे अमेरिकेच्या तटरक्षक दलाने बोस्टन बंदरातील गस्तीसाठीही याच विचाराची प्रणाली वापरली.

हे वाचत असतानाच, एप्रिल २०२४ मध्ये, आमच्या गल्लीतल्या एका अर्धवट बांधलेल्या घरातून तांब्याच्या तारा आणि सगळे नळ चोरीला गेले. मी घाईने यंत्राची नोंद पाहिली. ८४ पैकी ८४. फौजी त्या घरावरून दर तासाच्या सातव्या-आठव्या मिनिटाला गेले होते. चोराला घड्याळ तेवढे लागले असेल. सात मिनिटांनी शिट्टी ऐकायची आणि मग पाऊण तास निर्धास्त काम करायचे. हे वेळापत्रक मी त्याला फुकट दिले होते.

तिसरा प्रकार माहितीचा, आणि मला वाटते सर्वांत जुना हाच. १८१९ च्या आपल्या अहवालात एल्फिन्स्टनने पेशवाईतल्या गावपहाऱ्याचे वर्णन केले आहे. रात्रीचा पहारा हा जागल्याच्या कामाचा फक्त एक भाग होता. गावात कोण आले, कोण गेले, कोणाची चालचलणूक कशी, हे ठाऊक असणे हे त्याचे खरे काम. चोरी झाली तर पावलांचा माग काढत त्याने गावच्या शिवेपर्यंत जायचे. माग पुढच्या गावात शिरला की तिथल्या जागल्याने तो पुढे चालवायचा. माग लागला नाही तर भरपाईचा बोजा त्याच्यावर किंवा गावावर. आजच्या भाषेत सांगायचे तर मोबदला फेऱ्यांना नव्हता, परिणामाला होता.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. हे काम जातीने आणि जन्माने लादलेले होते. इंग्रजी अमलात गडकोटांचे पहारे गेले, रामोशांची रोजी गेली, पुरंदरच्या पहारेकरी घराण्यातले उमाजी नाईक बंड करून उठले आणि १८३२ मध्ये पुण्यात फासावर गेले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावे राखली त्यांतल्याच जमातींवर पुढे ‘गुन्हेगार’ असा शिक्का बसला. तेव्हा जुने तसेच परत आणावे असे कोणीही म्हणणार नाही. पण पहारेकऱ्याची किंमत त्याच्या पायांत नसून त्याच्या ओळखीत आहे, हे त्या काळी राज्यकर्त्यांना कळत होते.

विसाव्या शतकात पोलिसांच्या हाती मोटारी आल्या आणि हे विस्मरणात गेले. १९७२-७३ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे एक धाडसी प्रयोग झाला. शहराच्या एका भागातील १५ बीटांचे तीन गट केले. एका गटात नेहमीची मोटारगस्त, दुसऱ्यात दुप्पट-तिप्पट, तिसऱ्यात गस्तच बंद, फक्त बोलावले तर जायचे. वर्षभराने पाहिले तर गुन्ह्यांत, किंवा लोकांच्या मनातील भीतीतही, म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. म्हणून पोलिसांची गरज नाही असा याचा अर्थ मुळीच नव्हे. पुढे १९८८-८९ मध्ये मिनिआपोलिस येथे गुन्हे वारंवार घडणाऱ्या नेमक्या चौकांवर लक्ष केंद्रित केले तेव्हा परिणाम दिसला. त्याच नोंदींवरून १९९५ मध्ये ख्रिस्तोफर कोपर या अभ्यासकाने दाखवले की पोलीस अशा ठिकाणी नुसता जाऊन आला तर उपयोग थोडा होतो, थांबला तर अधिक होतो, आणि सुमारे १५ मिनिटांपर्यंत तो वाढत जातो. त्यानंतर जास्त थांबून विशेष लाभ नाही.

पंधरा मिनिटे थांबणे! मी ज्याला ‘बसून असतात’ असे म्हटले होते ते हेच होते. टपरीवर बसून फौजींना कळत असे की कोणत्या बांधकामावर कोणत्या गावचे मजूर आहेत, नवा कोण आला, कोणाचा मुकादमाशी तंटा झाला. यंत्र आल्यापासून ते टपरीवर थांबेनासे झाले. थांबले की पुढची खुण चुके.

माहिती असणे आणि ती पोचणे यांत जी दरी असते, तिचे सर्वांत मोठे उदाहरण आपण मुंबईत पाहिले आहे. १९९३ नंतर त्याच वर्षी महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावर ‘ऑपरेशन स्वान’ या नावाने नौदल, तटरक्षक दल आणि राज्य यंत्रणा यांची थराथरांची संयुक्त गस्त सुरू झाली होती. ती पंधरा वर्षे चालू असताना २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी समुद्रातून कुलाब्याच्या मच्छिमार वस्तीपाशी उतरले. त्यांना गस्तीने पाहिले नाही. वस्तीतल्या लोकांनी पाहिले, हटकलेही. कोळ्यांना आपला किनारा पाठ होता, अनोळखी माणूस तत्काळ खटकला. पण त्यांचे खटकणे लिहून घेणारी वही कोणाकडेच नव्हती. २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली, नवी सागरी पोलीस ठाणी झाली. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सागर रक्षक दलासारखा प्रयत्न, ज्यात मच्छिमारांनाच किनाऱ्याचे डोळे आणि कान मानले आहे.

आणि धाक असो वा माहिती, गस्तीला आधी वाट तर हवी. आमच्याच पंजाबात पठाणकोटच्या वायुदल तळावर २ जानेवारी २०१६ रोजी हल्ला झाला. त्यानंतर संसदीय समितीने तळाला भेट दिली तेव्हा तिने नोंदवले की कुंपणभिंतीलगत गस्तीचा रस्ताच नाही आणि भिंतीजवळ झाडझुडूप माजले आहे. माणसे, हत्यारे, मंजुऱ्या यांच्या गर्दीत चालायला वाट आहे की नाही हे पाहायचे राहून जाते.

पंजाबच्या खेड्यांत ‘ठीकरी पहरा’ नावाची रीत आहे. ठीकरी म्हणजे खापरीचा तुकडा. जुने लोक सांगतात की घरोघरची नावे खापऱ्यांवर घालून त्या मडक्यात टाकत आणि ज्याची खापरी निघेल त्याने त्या रात्री गाव राखायचा. १९१८ च्या पंजाबच्या ग्रामगस्त कायद्याने तिला कायद्याचा आधार दिला. तो आधार आजही वापरला जातो. २०२० च्या कोविडकाळात पंजाब-हरियाणातील कितीतरी गावांनी असाच पहारा बसवला होता. संगणकाची सोडत आणि मडक्यातली खापरी यांत मला फार अंतर दिसत नाही. शिवाय खापरीवाला गावचाच असतो, त्याला कोणत्या घरात कोण आहे ते सांगावे लागत नाही.

असो. फौजींकडे परत येतो. मे २०२४ मध्ये ते गव्हाच्या कापणीसाठी म्हणून गावी गेले आणि परतले नाहीत. जाण्यापूर्वी यंत्र माझ्या हाती देताना एकच वाक्य बोलले होते : “पहले गली देखता था, साहबजी, अब घड़ी देखता हूँ.” मी त्यांना थांबा म्हणालो, पण त्यात जोर नव्हता. शेरा अजून वहीत तसाच होता आणि कापलेला पगार समितीच्या खात्यात जमा होता. समितीच्या हिशेबात परतफेडीचे शीर्षक नाही असे कारण पुढे आले होते, आणि तीस वर्षे अशी कारणे दुसऱ्यांच्या फायलींत वाचलेल्या मला ते तेव्हा पटलेही होते.

ब्लॅकआउटच्या रात्रीनंतर मी ते काम पुरे केले. समितीच्या बैठकीत सारी हकीकत सांगितली, दोन दिवसांचा पगार परत करण्याचा ठराव करून घेतला, आणि ‘कर्तव्यात कसूर’ हा शेरा मागे घेत असल्याचे पत्र माझ्या सहीने कांगड्याला पाठवले. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. “चिट्ठी मिल गई, साहबजी,” एवढेच बोलले. मग बाईंची तब्येत कशी आहे ते विचारले. बंद बंगल्याची किल्ली कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे असते, हेही त्या फोनवर त्यांनीच सांगितले.

आता आमच्याकडे पुढीलप्रमाणे चालते. यंत्र टाकून दिलेले नाही. पंपघर, ट्रान्सफॉर्मर आणि मागचे फाटक या तीन ठिकाणी ते लागते, कारण तिथे ‘जाऊन आलो’ हेच काम आहे. बाकीच्या फेऱ्यांच्या वेळा रोज रात्री अकराला चौकीदार स्वतः डब्यातून चिठ्ठ्या काढून ठरवतो. प्रत्येक फेरीत एक-दोन ठिकाणी दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, कुठे ते त्याने ठरवायचे, टपरीही त्यात आली. आणि एक साधी वही ठेवली आहे. तिच्यात वेळेचा रकाना नाही. एकच प्रश्न आहे : आज नेहमीपेक्षा वेगळे काय दिसले? पान कोरे राहिले तरी चालते. पगार कापण्यापूर्वी माणसाला समोर बसवून विचारायचे, हा नियमही मीच लिहिला आहे.

चोऱ्या यामुळे थांबल्या असा दावा मी करणार नाही. एका गल्लीच्या अनुभवावरून तसे म्हणणे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला शोभणार नाही. पण माझ्या सेवेतील बंधुभगिनींना एक विनंती करावीशी वाटते. कोणत्याही गस्तीचा, मग ती किनाऱ्यावरची असो, जंगलातली असो की एटीएमच्या शेजारी टांगलेल्या वहीत सही करून जाणाऱ्या रात्रपाळीच्या हवालदाराची असो, तपशील तपासायला घेताना आधी विचारावे की ही गस्त तिन्हींपैकी कोणत्या कामासाठी आहे. हक्कासाठी असेल तर बिंदू मोजा. धाकासाठी असेल तर ती ठरावीक वेळी येत नाही ना हे तपासा. माहितीसाठी असेल तर वही बंद करून त्या माणसाला बसायला सांगा आणि विचारा.

नव्या चौकीदाराला येऊन आता आठ महिने झाले. तो मुलगा बिहारचा आहे, विशीतला. गेल्या आठवड्यात वहीत त्याने लिहिले होते : ‘पीछे वाली अम्माजी की बत्ती आज दस बजे के बाद भी जल रही थी. आवाज़ दी. टीवी देख रही थीं.’ जुन्या वहीतल्या त्या लाल शेऱ्याशेजारी मी फौजींना पाठवलेल्या पत्राची प्रत चिकटवली आहे. बदली होईल तेव्हा दोन्ही वह्या पुढच्याच्या हाती देणार आहे.